मंगळाचे थ्रीडी फोटो घरी कसे बनवायचे: चष्मा, लोकलची खिडकी आणि रोव्हरचे दोन डोळे

"मामा, हा दगड नाहीये, खड्डा आहे."

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या थ्रीडी फोटोला भाचीने दिलेला हा रिव्ह्यू. क्युरिऑसिटी रोव्हरचे, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या गाडीचे, दोन फोटो घेऊन मी दोन तास खपून एक लाल-निळा फोटो बनवला होता, तिच्या नाकावर पुठ्ठ्याचा चष्मा ठेवून मोठ्या कौतुकाने दाखवला आणि पोरगी म्हणते खड्डा. बरोबरच होतं तिचं. डावा फोटो उजव्या डोळ्याला आणि उजवा डाव्याला गेला की सगळं उलटं होतं, उंचवटे आत जातात आणि खड्डे वर येतात. तेव्हापासून बरेच फोटो बनवले, त्यातले बरेच फेकले, आणि एवढं नक्की कळलं की सॉफ्टवेअरमधलं काम पाच मिनिटांचं असतं. खरा वेळ जातो तो योग्य जोडी शोधण्यात आणि ती नीट एकावर एक बसवण्यात. नवीन माणूस नेमका तिथेच घाई करतो आणि मग डोकं दुखतं म्हणून सोडून देतो.

तत्त्व सोपं आहे. आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण साडेसहा सेंटिमीटर लांब आहेत, त्यामुळे दोघांना जरा वेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्या फरकावरून खोली काढतो. चार्ल्स व्हीटस्टोनने हे १८३८ सालीच आरसे लावून दाखवलं होतं. मंगळावर पण हीच आयडिया पहिल्यापासून आहे, १९७६च्या व्हायकिंग लँडरवर दोन कॅमेरे होते, एकमेकांपासून जवळपास ८० सेंटिमीटरवर. रोव्हरला दोन डोळे देतात ते आपली हौस भागवायला नाही, समोरचा दगड किती लांब आहे आणि चाक त्यावर चढेल का हे कळायला देतात. आपण त्याच फोटोंवर हात मारायचा.

चष्मा आधी

लाल-निळ्या फोटोला अ‍ॅनाग्लिफ म्हणतात. त्याला लाल आणि सायन, म्हणजे आकाशी-हिरवट, अशा काचांचा चष्मा लागतो आणि लाल काच नेहमी डाव्या डोळ्यावर. पुठ्ठ्याचा चष्मा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. थांबायचं नसेल तर शाळेच्या प्रोजेक्टला आणतो तो जिलेटीन पेपर कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे असतो, लाल आणि निळा आणा, जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापा, झालं. पण निळा जिलेटीन बऱ्याचदा पातळ असतो, त्यातून लाल रंग गळतो आणि प्रत्येक दगडाच्या बाजूला त्याचं भूत उभं राहतं. निळ्याचे दोन थर लावले की फरक पडतो.

चष्मा चालतोय का ते बघायला मोबाइलवर पांढऱ्या बॅकग्राउंडवर भडक लाल अक्षरात काहीतरी लिहा. लाल काचेतून बघितलं तर अक्षरं गायब झाली पाहिजेत आणि दुसऱ्या काचेतून काळी दिसली पाहिजेत. आणि हो, मोबाइलचा नाइट मोड किंवा डोळ्यांसाठीचा तो पिवळट फिल्टर बंद करा, तो चालू असला तर निळा मरतो आणि मग तुम्ही फोटोला शिव्या घालत बसता. मी घातल्यात.

काही जणांना चष्मा लावूनही थ्रीडी दिसत नाही, एका डोळ्याची नजर अधू असली तर असं होतं. त्यांच्यासाठी डावा-उजवा फोटो आलटून पालटून हलणारी जिफ बनवा, त्यातही खोली बरीच कळते.

मंगळाआधी मानखुर्द

डायरेक्ट रोव्हरच्या फोटोंवर उडी मारू नका असं मी सगळ्यांना सांगतो. आधी अशा जागेचा फोटो करा जी तुम्ही डोळ्यांनी बघितलीय, म्हणजे चूक झाली तर लगेच कळते. सगळ्यात सोपं म्हणजे गॅलरीत उभं राहून समोरच्या बिल्डिंगचा एक फोटो, मग फोन न फिरवता सरळ सहा-सात सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरा. पण त्यापेक्षा मजा लोकलमध्ये आहे.

हार्बर लाइनवर मानखुर्द सोडलं की गाडी खाडीच्या पुलावर येते. गर्दी नसेल तेव्हा, म्हणजे रविवारी दुपारी वगैरे, खिडकीशी बसा, फोन गजांच्या मधून दिसेल असा आतच धरा, हात बाहेर काढायचा नाही, आणि खाडीकडे बघत अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या. आता हिशोब बघा. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असं धरलं तर सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर, आणि व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तुमचा कॅमेरा साधारण ५५ सेंटिमीटर सरकला. क्युरिऑसिटीच्या नॅवकॅमच्या, म्हणजे रस्ता बघायच्या कॅमेऱ्याच्या, दोन डोळ्यांमधलं अंतर किती? ४२.४ सेंटिमीटर. म्हणजे लोकलच्या व्हिडिओतल्या लागोपाठच्या दोन फ्रेम म्हणजे जवळजवळ मंगळावरच्या रोव्हरचे दोन डोळेच. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी वाशीला उतरायचं विसरलो होतो.

गाडी तुमच्या उजव्या हाताकडे पळत असेल तर आधीची फ्रेम डाव्या डोळ्याची, डावीकडे पळत असेल तर उलटं. काठावरच्या खारफुटीसाठी एका फ्रेमचं अंतर पुरतं, पण तीच जोडी घेऊन लांबच्या टॉवरांकडे बघा, ते पडद्यावर रंगवल्यासारखे सपाट दिसतील. त्यांच्यासाठी दहा-पंधरा फ्रेम सोडून दुसरी फ्रेम घ्यायची. हा एक मुद्दा हाताला लागला की पुढचं अर्धं काम झालं: लांबची गोष्ट खोल दिसायला हवी असेल तर दोन डोळे पण लांब लांब हवेत. आणि मधेच एखादा बगळा उडाला असेल तर तो दोन फ्रेममध्ये वेगवेगळ्या ठिकाणी असतो, थ्रीडीत तो भलत्याच अंतरावर तरंगताना दिसतो. मंगळावर बगळे नाहीत, पण सावल्या आहेत, त्याबद्दल पुढे.

जोडी शोधणं

नासा रोव्हरचे कच्चे फोटो फुकटात सगळ्यांसाठी ठेवते, क्युरिऑसिटीचे आणि त्याच्यानंतर गेलेल्या पर्सिव्हरन्स रोव्हरचे पण. मंगळावरच्या दिवसाला सोल म्हणतात, तो आपल्या दिवसापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, आणि फोटो सोलप्रमाणे आणि कॅमेऱ्याप्रमाणे लावलेले असतात. नवीन माणसाने डोळे मिटून क्युरिऑसिटीचा नॅवकॅम घ्यावा. कारण तो ब्लॅक अँड व्हाइट आहे, फोटो १०२४ बाय १०२४ पिक्सेल, दोन्ही कॅमेऱ्यांची लेन्स सारखी, आणि रंगाची कटकट अजिबात नाही. फाइलच्या नावात पहिलं अक्षर एन म्हणजे नॅवकॅम, दुसरं एल किंवा आर म्हणजे लेफ्ट किंवा राइट, आणि त्यानंतर नऊ आकडी नंबर येतो, ते यानाचं घड्याळ. एलच्या आणि आरच्या फाइलमध्ये तो नऊ आकडी नंबर सेम आहे का बघायचं. सेम असेल तर जोडी पक्की. नावं न बघता नुसतं "सारखं दिसतंय" म्हणून उचललं की गोंधळ होतो, कारण रोव्हर एकाच जागी मान थोडी थोडी फिरवत दहा फोटो काढतो आणि सगळे एकाच आईची पोरं वाटतात. थंबनेल डाउनलोड करू नका, मोठी साइझ घ्या, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण आहे.

पहिल्या प्रयत्नाला जागा पण अशी निवडा की पुढे, मधे आणि मागे काहीतरी असेल. नुसतं वाळूचं सपाट मैदान थ्रीडीत पण सपाट मैदानच दिसतं. माझी आवडती जागा म्हणजे मरे ब्यूट्स, गेल क्रेटरमधले, म्हणजे क्युरिऑसिटी फिरतो त्या विवरातले, वाऱ्याने कोरलेले सुळके, आपल्या सह्याद्रीतल्या कातळासारखे थर दिसतात त्यात. रोव्हर तिथे २०१६च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होता, सोल १४५४ म्हणजे ८ सप्टेंबर २०१६, त्याच्या आसपासचे सोल चाळून बघा.

बाकीच्या कॅमेऱ्यांचं पटकन सांगतो. क्युरिऑसिटीचा मास्टकॅम रंगीत आहे पण त्याचा डावा डोळा ३४ मिलिमीटरचा आणि उजवा १०० मिलिमीटरचा, म्हणजे एका डोळ्याला साधा चष्मा आणि दुसऱ्याला दुर्बीण. उजवा फोटो साधारण तीनपट लहान करून डाव्याच्या त्याच भागावर बसवावा लागतो, होतं, पण पहिल्या आठवड्यात नको. पर्सिव्हरन्सचा मास्टकॅम-झेड यात सुधारलेला, दोन्ही डोळ्यांना सारखा झूम, त्यांच्यात २४ सेंटिमीटरच्या वर अंतर. पर्सिव्हरन्सचा नॅवकॅम रंगीत आणि तब्बल २ कोटी पिक्सेलचा, पण एवढा मोठा फोटो बऱ्याचदा तुकड्यातुकड्यांनी पृथ्वीवर येतो, तेव्हा डाव्याचा आणि उजव्याचा तोच तुकडा आणि तीच साइझ आहे ना हे तपासा.

एकावर एक बसवणं

मी गिंप नावाचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं. विंडोजवाल्यांसाठी स्टिरिओफोटो मेकर नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते जोडी आपोआप जुळवून देतं आणि चांगलं देतं. पण पहिले दहा-बारा फोटो हातानेच करा, नाहीतर आपोआपवाल्याने कुठे घोळ घातला तर तुम्हाला कळणारच नाही.

गिंपमध्ये दोन्ही फोटो एकाच फाइलमध्ये लेयर म्हणून उघडा, डावा वर, उजवा खाली. इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन ग्रेस्केल करा. वरच्या लेयरची ओपॅसिटी ५० करा, आता दोन्ही एकदम दिसतील, दारू प्यायल्यासारखं डबल डबल. मूव्ह टूल घ्या आणि कीबोर्डच्या बाणांनी वरचा लेयर एकेक पिक्सेल सरकवा.

आधी फक्त वर-खाली. कुठलाही दगड घ्या, त्याचं टोक दोन्ही लेयरमध्ये एकाच आडव्या रेषेत आलं पाहिजे. मग फोटोच्या दुसऱ्या कोपऱ्यातला दगड तपासा, मग मधला. इथे आळस करू नका. आपले डोळे आडवा फरक आनंदाने पचवतात पण एक डोळा वर आणि एक खाली हे त्यांना जमतच नाही, दोन-तीन पिक्सेलचा उभा फरक राहिला तरी मोठ्या स्क्रीनवर पाच मिनिटांत कपाळ ठणकतं.

आणि आता माझी सगळ्यात महागातली चूक. रोव्हर उतारावर उभा असतो त्यामुळे क्षितिज तिरकं येतं. आपल्याला सवय असते फोटो सरळ करायची, मी पण दोन्ही फोटो आधी छान फिरवून क्षितिज सरळ केलं आणि मग बसवायला गेलो, आख्खा रविवार गेला, एक दगड बसला की दुसरा निसटायचा. कारण रोव्हर तिरका म्हणजे त्याचे दोन डोळे पण तिरक्या रेषेवर, फोटो फिरवला की तो आडवा फरक तिरका होतो आणि उभा फरक त्यात घुसतो. तेव्हा क्षितिज तिरकं असेल तर असू दे. मान वाकडी करून बघा वाटल्यास.

वर-खाली झालं की डावीकडे-उजवीकडे. सगळा फोटो एकदम जुळणार नाही, जुळायला पण नको, तो फरक म्हणजेच तर थ्रीडी. फोटोत सगळ्यात जवळचा जो दगड ठेवणार आहात तो दोन्ही लेयरमध्ये एकावर एक येईपर्यंत आडवं सरकवा. असं केलं की तो दगड बरोबर स्क्रीनवर बसतो आणि बाकी सगळं स्क्रीनच्या आत जातं, खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं. दगड स्क्रीनच्या बाहेर काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण फोटोच्या कडेला कापला गेलेला दगड बाहेर आला की मेंदू वैतागतो.

मग लेयर मेनूतून लेयर इमेजच्या साइझचा करा, दोन्ही लेयरमध्ये जो भाग कॉमन आहे तेवढाच क्रॉप करा, ओपॅसिटी परत १०० करा. शेवटी कलर्स मेनू, त्यात कंपोनंट्स, त्यात कंपोज, आरजीबी निवडा: रेडला डावा लेयर, ग्रीनला उजवा, ब्ल्यूला पण उजवाच. ओके. झाला अ‍ॅनाग्लिफ. बघा, म्हटलं ना पाच मिनिटं.

२०२३ साली चांद्रयान-३च्या प्रज्ञान रोव्हरने विक्रम लँडरचे फोटो काढले तेव्हा इस्रोने पण अगदी हाच प्रकार केला होता, प्रज्ञानच्या नॅवकॅमचा डावा फोटो लाल चॅनलमध्ये, उजवा निळ्या आणि हिरव्यात. म्हणजे तुम्ही घरी करताय ती काही जुगाड पद्धत नाहीये.

चष्मा लावून बघण्याआधी डावं-उजवं तपासायची एक ट्रिक, ही आधी माहीत असती तर भाचीसमोर लाज गेली नसती. मूळ दोन फोटो शेजारी ठेवा. लांबच्या डोंगराच्या हिशोबाने जवळचा दगड ज्या फोटोत जास्त उजवीकडे दिसतो तो डाव्या डोळ्याचा. पटत नसेल तर बोट नाकासमोर धरून एकेक डोळा मिटून बघा.

किती खोल म्हणजे फार खोल

इथे थोडी आकडेमोड आहे, पण चहाच्या कपाबरोबर होईल एवढीच. क्युरिऑसिटीच्या नॅवकॅमला ४५ अंशांचं दृश्य १०२४ पिक्सेलमध्ये दिसतं, डोळ्यांमधलं अंतर ४२.४ सेंटिमीटर. याचा हिशोब मांडला की एक सोपा आकडा हाती येतो: ५२४. एखादा दगड किती मीटर लांब आहे त्याने ५२४ला भागा, तेवढे पिक्सेल तो दोन फोटोंत इकडेतिकडे दिसेल. पाच मीटरवरचा दगड १०५ पिक्सेल, दहा मीटरवरचा ५२, पन्नास मीटरवरचा दहा, शंभरवरचा पाच आणि अर्ध्या किलोमीटरवरचा फक्त एक. म्हणजे अर्ध्या किलोमीटरपलीकडे नॅवकॅमला सगळं सपाट. मागे दिसणारा माउंट शार्प डोंगर पाच किलोमीटरहून उंच असला तरी या फोटोत तो नाटकातल्या पडद्यासारखाच दिसणार, तुमची चूक नाही ती.

जुन्या स्टिरिओ फोटोवाल्यांचा एक ठोकताळा आहे, सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात लांबच्या गोष्टीतला फरक फोटोच्या रुंदीच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त नसावा. आपल्या फोटोत ते होतात ३४ पिक्सेल, म्हणजे पंधरा मीटरच्या अलीकडचं सगळं कापायला हवं. एवढं कडक मी वागत नाही, मोबाइलच्या स्क्रीनवर पन्नास-साठ पिक्सेल पण आरामात चालतात, पण रोव्हरचं स्वतःचं धूड खालच्या कोपऱ्यात दिसत असेल तर ते आधी उडवा. दोन मीटरवरची वस्तू म्हणजे अडीचशे पिक्सेलच्या वर, डोळे तिरळे व्हायचे.

मोठ्या पडद्यावर मात्र ठोकताळा पाळायचाच. आमच्या सोसायटीच्या गणपतीत एका संध्याकाळी प्रोजेक्टरवर मंगळ दाखवायचं मी अंगावर घेतलं, चाळीसेक चष्मे पोरांनीच बनवले, आणि लॅपटॉपवर मस्त दिसणारे फोटो पडद्यावर कोणालाच जुळेनात. काका-काकू मंडळी दोन मिनिटांत चष्मा काढून वड्यांकडे वळली. घरी येऊन हिशोब केला: पडदा दहा फूट, म्हणजे एक पिक्सेल जवळपास तीन मिलिमीटर, आणि माझ्या फोटोत क्षितिज ५० पिक्सेल सरकलेलं, म्हणजे पडद्यावर १५ सेंटिमीटर. आपल्या डोळ्यांत अंतर साडेसहा. बघणाऱ्याला दोन्ही डोळे बाहेरच्या बाजूला वळवायला लागत होते, जे माणसाला येत नाही. अशा पडद्यासाठी क्षितिजाचा फरक बावीस पिक्सेलच्या आत हवा. पुढच्या वर्षी तसे बनवले, तेव्हा लोक बसले.

अजून एक गोष्ट लोक विचारतात, मंगळ असा खेळण्यातल्यासारखा का दिसतो. रोव्हरचे डोळे एकमेकांपासून आपल्यापेक्षा साडेसहापट लांब आहेत म्हणून. मेंदू समजतो डोळे माझेच, मग समोरचं जगच छोटं असणार.

रंगाची गंमत

रंगीत अ‍ॅनाग्लिफ करायचा झाला तर डाव्या फोटोचा लाल चॅनल आणि उजव्याचे हिरवा-निळा घ्यायचे. खारफुटीला हे छान चालतं. मंगळाला चालत नाही, कारण मंगळ पडला तांबडा, त्याची जमीन लाल चॅनलमध्ये झगझगीत आणि निळ्यात काळवंडलेली, एका डोळ्याला भर दुपार आणि दुसऱ्याला तिन्हीसांजा. दोन डोळे भांडत बसतात, फोटो चकचकतो. उपाय म्हणजे डाव्या डोळ्याला ब्लॅक अँड व्हाइट फोटो द्या आणि उजव्याला हिरवा-निळा रंगीत फोटोतला, रंगाची थोडी झाक राहते आणि भांडण कमी होतं. माझं विचाराल तर मंगळ ब्लॅक अँड व्हाइटच करावा. खोली जास्त स्वच्छ दिसते, रंग दाखवायचा तर साधा फोटो आहेच.

बसवण्याआधी दोन्ही फोटोंचा उजेड सारखा करा, लेव्हल्समध्ये जाऊन. कच्च्या फोटोंचा कॉन्ट्रास्ट आपोआप ताणलेला असतो, डावा-उजवा वेगळा येऊ शकतो. एखादा पांढरा ठिपका फक्त एकाच फोटोत असेल तर तो थ्रीडीत हवेत चांदणीसारखा लटकतो, क्लोन टूलने पुसा.

सेव्ह करताना पीएनजी करा. जेपेग बऱ्याचदा रंगाची बरीचशी माहिती टाकून देतो आणि आपला तर सगळा खेळच रंगावर, त्यामुळे भुतं दिसायला लागतात. जेपेगच हवा असेल तर क्वालिटी पूर्ण ठेवा आणि सबसॅम्पलिंगमध्ये ४:४:४ निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून टाकलात तर वाट लागली समजा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लांबचे डोंगर

आता लोकलवाली ट्रिक परत काढायची. रोव्हर आज एका ठिकाणी, उद्या दहा मीटर पुढे, आणि दोन्हीकडून त्याने तोच डोंगर टिपला, तर दोन डोळ्यांमधलं अंतर झालं दहा मीटर. यात मास्टकॅमचा १०० मिलिमीटरवाला एकच डोळा वापरायचा, दोन्ही वेळेला तोच. दोन किलोमीटरवरचा डोंगर अशा जोडीत पासष्ट-सत्तर पिक्सेल सरकतो, म्हणजे मस्त खोल. अट एकच, रोव्हर डोंगराच्या आडवा गेलेला हवा, डोंगराकडेच सरळ चालत गेला असेल तर तो नुसता झूम झाला. दुसरी भानगड सावल्यांची. एक फोटो सकाळचा आणि एक दुपारचा असेल तर सावल्या हलतात आणि मेंदू सावलीलाच खोली समजतो. वेळ तपासा, मंगळावरची स्थानिक वेळ जवळजवळ तीच हवी, दिवस वेगळा असला तरी चालेल.

पर्सिव्हरन्सबरोबर गेलेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या फोटोंवर पण हीच पद्धत चालते. ते एप्रिल २०२१ ते जानेवारी २०२४ मध्ये ७२ वेळा उडालं, उडताना लागोपाठ काढलेले दोन फोटो म्हणजे आयती जोडी.

वरून बघायचं असेल तर

कक्षेतल्या यानांचे फोटो हा वेगळा नाद आहे, इथे फक्त दारापर्यंत सोडतो. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरचा हायराइज कॅमेरा तीनेकशे किलोमीटरवरून जमीन टिपतो आणि एक पिक्सेल २५-३० सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मोजता आला असता. तो एका फेरीत एक फोटो काढतो आणि दुसऱ्या कुठल्यातरी फेरीत यान कलवून त्याच जागेचा दुसरा. हायराइजच्या कॅटलॉगमध्ये अशा जोड्या लावून ठेवलेल्या मिळतात, तयार अ‍ॅनाग्लिफ पण. फाइली अवाढव्य असतात, मोबाइल डेटावर करू नका.

युरोपच्या मार्स एक्स्प्रेसवरचा कॅमेरा मात्र एकाच फेरीत पुढे, सरळ खाली आणि मागे असं बघत जातो. आपल्या चांद्रयान-१वरचा टेरेन मॅपिंग कॅमेरा तसाच होता, पुढे आणि मागे २५-२५ अंश कललेला, चंद्रावरचा पाच मीटरचा भाग एका पिक्सेलमध्ये. या फोटोंत फरक पुढे-मागे असतो, म्हणजे उत्तर वर ठेवून बघितलं तर तो उभा येतो आणि थ्रीडी दिसतच नाही. फोटो ९० अंशात आडवा करायचा. रोव्हरच्या फोटोला फिरवू नका म्हटलं आणि इथे फिरवा म्हणतोय, पण कारण एकच आहे, फरक डोळ्यांच्या रेषेत यायला हवा.

यापुढे उंचीचा नकाशा बनवून ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून विमान फिरवता येतं, नकाशा बनवायला नासाचं एम्स स्टिरिओ पाइपलाइन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला लिनक्सची सवय आणि भरपूर रिकाम्या रात्री लागतात. तिकडे गेलात तर उंची किती पट ताणली ते फोटोखाली लिहा. शुक्रावरच्या माट मॉन्सचं १९९१चं प्रसिद्ध चित्र बघा, मॅगेलन यानाच्या रडारवरून बनवलेलं, त्यात उंची साडेबावीस पट ताणलेली आहे, आणि लोकांना वाटतं शुक्रावर सगळीकडे असे सुळकेच सुळके.

वरून घेतलेल्या फोटोत परत तो खड्डा की टेकडीचा घोळ होतो, आणि यावेळी डावं-उजवं बरोबर असूनही होतो, कारण आपल्या मेंदूला उजेड वरून येतो अशी सवय आहे. ऊन खालच्या बाजूने आलं असेल तर नुसत्या साध्या फोटोत पण विवर फुगलेलं दिसतं. अशा वेळी मी सावलीची दिशा बघतो, दोन लेयर परत तपासतो, आणि तरी शंका राहिली तर चष्मा भाचीकडे देतो. ती आता दहावीला आहे, फुरसत नसते तिला, पण "मामा, खड्डाच आहे, यावेळी बरोबर आहे" एवढं सांगून जाते.